पाठ आणि पोट

जाड पोहे आणि पातळ पोहे दोन्ही एकाच भाताचे. भिजवून, भाजून, कांडून चपटे केलेले. जाड पोहे चाळणीत घेऊन धुवावे लागतात आणि फोडणी होईपर्यंत झाकून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे मऊ होतात. पातळ पोह्यांवर मात्र दह्याचा किंवा नारळाच्या पाण्याचा हबका मारला की पुरे, वेळ लागला तर त्यांचा लगदाच होतो. धान्य तेच, कृती तीच. फरक एवढाच की पातळ पोह्याला पोट जवळजवळ नाही, सगळी पाठच आहे. पाणी कुठूनही शिरलं तरी लगेच मधोमध पोचतं.

हे पुस्तक त्या फरकाविषयी आहे. शाळेत आपण त्याला ‘पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर’ म्हणतो. त्या लांबलचक नावाला घाबरून कित्येक मुलं तो धडा पाठ करून मोकळी होतात. पृष्ठ म्हणजे पाठ, वस्तूची बाहेरची बाजू. घनफळ म्हणजे तिचं पोट, आत मावलेला ऐवज. मी पंचवीसहून अधिक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. या दोन साध्या शब्दांवर वर्गात एक तास घालवला की पुढचे अनेक धडे आपोआप सोपे होतात, असा माझा अनुभव आहे. आतडं, फुप्फुस, मुळं, रक्तपेशी हे सगळे धडे मुळात पाठ-पोटाच्या हिशेबाचे धडे आहेत. अभ्यासक्रमात ते इतके विखुरलेले असतात की त्यांच्यातलं नातं मुलांच्या लक्षातच येत नाही. हे नातं एका जागी मांडावं, या ओढीने मी लिहायला बसलो.

हिशेब एकदाच करू. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली तर पृष्ठफळ २४ होतं, पण घनफळ ८. पोटाच्या प्रत्येक घासामागे आधी सहा वाटे पाठ होती, आता तीनच. बाजू दहा सेंटिमीटर केली तर पृष्ठफळ ६०० आणि घनफळ १०००, म्हणजे वाटा ०.६ वर आला. पाठ वर्गाने वाढते, पोट घनाने. गॅलिलिओने १६३८ साली हाडांच्या बळकटीचा विचार करताना हाच नियम मांडला होता. प्राणी मोठा झाला की त्याची हाडं नुसती लांब होऊन भागत नाही, प्रमाणाबाहेर जाड व्हावी लागतात, असं त्याने दाखवलं. पेशी त्याने पाहिलेली नव्हती, पण तीही याच नियमाने बांधलेली आहे.

पेशीच्या बाबतीत पाठ आणि पोट हे शब्द अगदी चपखल बसतात. पेशीची सगळी भूक तिच्या पोटात असते. ऑक्सिजन वापरणं, प्रथिनं बनवणं, साखर फोडणं ही कामं आत चालतात, म्हणून गरज घनफळाच्या हिशेबाने वाढते. पुरवठा मात्र बाहेरच्या पातळ पटलातूनच व्हायचा आणि केरकचराही त्याच दाराने बाहेर जायचा. पेशी फुगत गेली की खाणारी तोंडं घनाने वाढतात आणि दारं वर्गाने. घरात माणसं वाढली आणि चूल एकच राहिली, तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

हे नुसतं ऐकून पटत नाही, डोळ्यांनी पाहावं लागतं. प्रयोगशाळेत यासाठी महागडी रसायनं वापरायची पद्धत आहे. मी किराणा दुकानातून चायनाग्रास आणायचो. ते पाण्यात उकळून त्यात हळद घालायची आणि वरून विड्याच्या चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की ती लाल होते. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर बनतं, हे वर्गातल्या एखाद्या मुलीला आजीकडून माहीत असायचं आणि मग तो तास तिचाच होऊन जायचा. थंड झालेल्या लालभडक वडीचे एक, दोन आणि तीन सेंटिमीटरचे ठोकळे कापायचे आणि व्हिनेगरमध्ये सोडायचे. आम्ल आत शिरेल तिथली हळद पुन्हा पिवळी होते. थोड्या वेळाने तिन्ही ठोकळे बाहेर काढून मधोमध कापायचे.

तिघांचीही पिवळी किनार सारख्याच रुंदीची निघते. ‘मोठ्या ठोकळ्यात आम्ल हळू शिरतं’ असं मुलांना वाटत असतं आणि हा समज इथे डोळ्यांदेखत मोडतो. आम्ल तिन्ही ठोकळ्यांत सारख्याच चालीने शिरतं. किनार तीन मिलिमीटर झाली असेल, तर एक सेंटिमीटरच्या ठोकळ्यात मध्ये चार मिलिमीटरचा लाल ठिपका उरतो, म्हणजे जेमतेम सहा टक्के भाग. दोन सेंटिमीटरच्या ठोकळ्यात ३४ टक्के लाल राहतो आणि तीनच्या ठोकळ्यात निम्म्याहून थोडा जास्त, ५१ टक्के. तो लाल भाग म्हणजे पेशीचा उपाशी गाभा. एका मुलाने तीन सेंटिमीटरचा ठोकळा हातात धरून विचारलं होतं, “सर, मग याने मेल्याशिवाय मोठं कसं व्हायचं?” हे पुस्तक बव्हंशी त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तराकडे जाण्याआधी एका गोंधळाचा निकाल लावायला हवा. ‘पेशी लहान असते कारण गुणोत्तर’ असं एका वाक्यात लिहून मोकळं व्हायची सवय लागली आहे. खरं तर इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. पाठ अपुरी पडणं ही एक अडचण, आणि आतलं अंतर लांब पडणं ही दुसरी. दुसरी अडचण विसरणाची आहे. पाण्यात विरघळलेले रेणू कुणी न ढकलता इकडून तिकडे भटकत जातात. जवळच्या जवळ ही भटकंती भलतीच वेगवान असते, लांबच्या पल्ल्याला मात्र कुचकामी. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. ऑक्सिजनचा रेणू पाण्यात एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, सेकंदाच्या हजाराव्या भागातच ओलांडतो. एक मिलिमीटरला सुमारे चार मिनिटं लागतात, एका सेंटिमीटरला सात तास आणि दहा सेंटिमीटरला महिनाभर. आपल्या छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत ऑक्सिजन असाच पोचायचा असता, तर काही वर्षं लागली असती. हृदय आणि रक्तवाहिन्या कशासाठी आहेत, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

या दोन अडचणी वेगळ्या ठेवल्या की अपवाद कोड्यासारखे वाटत नाहीत. कण्यापासून पावलापर्यंत गेलेली चेतापेशी जवळपास मीटरभर लांब असते, पण सुतासारखी बारीक. लांबी कितीही वाढवली तरी जाडी वाढली नाही, तर पाठ-पोटाचं प्रमाण फारसं बिघडत नाही. कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक ही मुळात एकच पेशी, पण तिचं पोट म्हणजे साठवणीचं कोठार. कामकाज करणारा जिवंत भाग बलकावर पांढुरक्या ठिपक्यासारखा पाठीला चिकटून बसलेला असतो. पुढच्या वेळी अंडं फोडाल तेव्हा तो ठिपका जरूर शोधा. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांच्या खारफुटीत सापडलेल्या ‘थिओमार्गारिटा मॅग्निफिका’ या जिवाणूची २०२२ सालची बातमी अनेकांनी वाचली असेल. जिवाणू असून तो नुसत्या डोळ्यांना दिसतो, लांबी सेंटिमीटरभर. त्याचीही युक्ती हीच. आतला बहुतेक भाग पाण्याच्या पिशवीने व्यापलेला आणि जिवंत द्रव्याचा पातळ थर कडेला सारलेला. म्हणजे पोट आहे, पण त्यात खाणारं कुणी नाही. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या वेळी दिसणारं ‘कॉलर्पा’ नावाचं हिरवं शेवाळ तर फांद्या-पानांसकट एकच पेशी असतं. त्यात केंद्रकं अनेक असतात आणि आतला द्रव सतत वाहता. रेणूंच्या भटकंतीवर विसंबून न राहता त्याने आत वाहतूकच सुरू केली आहे.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. मराठीत पोट पाठीला लागणं म्हणजे उपासमार. तांबडी पेशी मात्र जन्मभर पोट पाठीला लावूनच जगते आणि म्हणूनच तिचं काम होतं. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन, कडेची जाडी दोन-अडीच मायक्रॉन आणि मध्ये दोन्ही बाजूंनी खोलगट. तिचं घनफळ सुमारे ९० घन मायक्रॉन. एवढंच द्रव्य गोल गोळीत भरलं, तर तिला ९७ चौरस मायक्रॉन पाठ मिळेल. चपट्या खोलगट आकारामुळे ती १३५ ते १४० पर्यंत जाते. ही चाळीस टक्क्यांची जास्तीची पाठ दोन कामांना येते. आतला कुठलाच हिमोग्लोबिनचा रेणू पटलापासून एखाद-दुसऱ्या मायक्रॉनपेक्षा लांब राहत नाही, आणि ढगळ कपड्यात शरीर वळतं तशी ही पेशी स्वतःपेक्षा अरुंद वाटेतून दुमडून निघते. पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, तर तिला फारच बारीक फटींतून जावं लागतं. एका आनुवंशिक आजारात या पेशींचं पटल थोडंथोडं गळत जातं. आतला ऐवज तेवढाच राहतो, पाठ कमी होते आणि पेशी गोल होते. गोल पेशी गुटगुटीत दिसते, पण तिला दुमडता येत नाही. ती पाणथरीत अडकते, तिथेच मोडली जाते आणि माणूस पांढराफटक पडतो. नुसत्या आकाराने माणूस आजारी पडू शकतो, हे मुलांना सांगताना वर्ग गप्प होतो.

आता आतड्याकडे येतो. या पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याचं आहे, आणि तिथे मला माझी एक चूक दुरुस्त करायची आहे. मी कित्येक वर्षं शिकवलं की माणसाचं आतडं उलगडून पसरलं तर टेनिसचं मैदान झाकलं जाईल. टेनिसचं मैदान म्हणजे २६० चौरस मीटर. हा आकडा पुस्तकांतून पुस्तकांत गेला आणि मीही तो तपासला नाही. २०१४ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या हेलांडर आणि फॅन्ड्रिक्स या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं. जिवंत माणसात लहान आतडं सुमारे तीन मीटर लांब भरतं. मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात आणि तेच सहा-सात मीटर होतं. व्यास अडीच सेंटिमीटर. ही नळी गुळगुळीत असती, तर तिची आतली बाजू पाव चौरस मीटरही भरली नसती, वर्तमानपत्राच्या एका पानाहून थोडीच मोठी. पण तिच्या आत घड्या आहेत, त्यांनी ही बाजू १.६ पट होते. घड्यांवर बोटांसारखे अंकुर, ज्यांना व्हिलाय म्हणतात, उंची अर्ध्या ते एक मिलिमीटरची. त्यांनी साडेसहा पट. आणि प्रत्येक अंकुरावरच्या प्रत्येक पेशीच्या माथ्यावर मायक्रॉनभर उंचीचे सूक्ष्म अंकुर, त्यांनी आणखी तेरा पट. गुणाकार करा, सुमारे १३५ पट येतात. पाव चौरस मीटरहून कमी असलेली ती बाजू तीस चौरस मीटर होते. मोठं आतडं धरून सगळं मिळून बत्तीस. टेनिसचं मैदान गेलं, पण तीस चौरस मीटर म्हणजे सव्वातीनशे चौरस फूट, मुंबईतलं एक खोली-स्वयंपाकघराचं अख्खं घर. ते आपण पोटात घडी घालून ठेवतो. मला हा खरा आकडा जुन्या फुगवलेल्या आकड्यापेक्षा जास्त थक्क करतो, कारण त्याची प्रत्येक पायरी मोजता येते.

शोषण त्या घडीवरच अवलंबून असतं. प्रत्येक अंकुराच्या पोटात केशवाहिन्यांचं जाळं आणि स्निग्ध पदार्थ वाहून नेणारी एक लसवाहिनी असते. साखर किंवा अमिनो आम्ल एका पेशीच्या थरातून गेलं की रक्तात. अंतर मायक्रॉनमधलं, म्हणजे पाठही भरपूर आणि वाटही छोटी. या थरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात. शरीर या जागेची केवढी निगा राखतं, ते यावरून कळतं.

आणि ही जागा गेली तर काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी सहाव्या वर्षीही चार वर्षांची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. जेवायची व्यवस्थित, दोन पोळ्या, वरणभात, दूध. दोन वर्षं तिच्या आईने दवाखान्यात एकच ऐकलं की मुलीला खायला घाला, तुम्ही लक्ष देत नाही. ती माउली आणखी तूप लावून आणखी पोळ्या भरवत राहिली. शेवटी एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासायला घेतला. अहवालात एक ओळ होती की अंकुर सपाट झाले आहेत. सीलिअॅक आजार. गव्हातल्या ग्लुटेनवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उठते आणि अंकुर झिजून जातात. मखमलीचा गुळगुळीत कपडा होतो. खाल्लेलं अन्न त्या नळीतून वाहत जातं, आत घ्यायला पाठच उरलेली नसते. भरल्या ताटावर बसलेलं मूल उपाशी राहतं, आणि आई प्रेमाने भरवत असलेली पोळीच ते करत असते.

गव्हाचा हा संबंध हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधला. गव्हाचा त्यांना आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात तिथे पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडची आजारी मुलं सुधारलेली दिसली आणि हा संशय बळावला. आमच्या मुलीच्या घरातून गहू गेला. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि तांदूळ या आपल्या धान्यांत ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीच्या घरात हे पथ्य पाळणं त्या मानाने सोपं गेलं. तरी रवा, मैदा, शेवया शोधून काढाव्या लागल्या, आणि सगळ्यांत उशिरा लक्षात आला तो हिंग. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तोही बदलला. पुढच्या काही महिन्यांत मुलगी भरू लागली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तिच्या आईने केलेल्या पेन्सिलच्या खुणा मी पाहिल्या आहेत. खाली दोन वर्षांच्या खुणा एकमेकींना चिकटलेल्या, आणि त्यावर बोट-दोन बोटं अंतराने चढत गेलेल्या.

हा आजार सगळ्यांना होत नाही. पण अस्वच्छ पाणी आणि उघड्यावरची घाण यांच्यात वाढणाऱ्या मुलांच्या आतड्यातले अंकुरही वारंवारच्या जंतुसंसर्गाने आखूड आणि बोथट होतात, हे जगाच्या अनेक गरीब भागांत दिसून आलं आहे. ताटात काय पडलं, तेवढंच मोजून कुपोषणाचा हिशेब पुरा होत नाही. गावातला नळाचा पाइप आणि मुलाच्या आतड्यातला अर्ध्या मिलिमीटरचा अंकुर यांचं नातं सरळ आहे, आणि ते मला या पुस्तकात सर्वांत ठळकपणे मांडायचं होतं.

बाकीच्या प्रकरणांविषयी थोडक्यात. मुळांच्या प्रकरणात मूलरोम येतात. हे रोम म्हणजे मुळाच्या वरच्या पेशींनी बाहेर काढलेली बोटं. मिरचीचं किंवा वांग्याचं रोप वाफ्यातून उपटून लावलं की दुसऱ्या दिवशी मान टाकतं, ते मुळं तुटल्यामुळे जितकं नव्हे तितकं रोम तुटल्यामुळे. मातीचा गड्डा न हलवता रोप काढणारी माणसं याच पाठीला जपत असतात. फुप्फुसाच्या प्रकरणात वायुकोशांचं मोजमाप आहे. तीस ते पन्नास कोटी वायुकोश, प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. विडीच्या किंवा चुलीच्या धुराने त्यांच्या भिंती विरघळल्या की अनेक छोट्या पिशव्यांची एक मोठी पिशवी होते. छातीत हवा तेवढीच मावते, किंबहुना जास्त, पण ती रक्ताला भेटायची जागाच उरत नाही.

शेवटचं प्रकरण उष्णतेचं आहे, कारण पाठीतून अन्न आत येतं तशी ऊब बाहेर जाते. तीन किलोच्या तान्ह्या बाळाला प्रत्येक किलोमागे मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक कातडी असते. आजीने शिवलेली कुंची आणि टोपडं हा त्या गुणोत्तरावरचा उपाय आहे. हे प्रकरण लिहिताना मला जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन सतत आठवत होते. प्राण्यांच्या आकारमानावरचा त्यांचा १९२६ सालचा छोटा निबंध मी विद्यार्थीदशेत वाचला आणि गणिताची भीती तिथे गेली. पुढे १९५७ मध्ये ते भारतात येऊन राहिले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. विज्ञान लोकांच्या भाषेत सांगितलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

पुस्तक वाचायला सुरुवात करण्याआधी एक तयारी करून ठेवा. चायनाग्रासचं एक पाकीट, चमचाभर हळद, थोडा विड्याचा चुना, व्हिनेगर, पट्टी आणि धारदार सुरी. चुना मोठ्या माणसाने हाताळावा, तो डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि या वड्या कुणी खायच्या नाहीत. वडी पाकिटावर दिलेल्या प्रमाणापेक्षा थोडी घट्ट करा, म्हणजे ठोकळे स्वच्छ कापले जातात. ती रात्री लावून ठेवलीत तर सकाळी पहिलं प्रकरण उघडताना ठोकळे तयार असतील.